थोरल्या मासोळीचा चष्मा

१

"चोर! अगं, घरात चोर शिरलाय!"

वरच्या व्हरांड्यातून थोरली मासोळी ओरडली आणि खाली दिवाणखान्यात नटूनथटून बसलेल्या सगळ्या आज्यांच्या माना एकदम वर गेल्या. घराला शंभर वर्षं झाल्याचा समारंभ चालला होता आणि सेक्रेटरीसाहेबांचं भाषण नुकतंच रंगात येत होतं. ते मधेच तुटलं याचं, खरं सांगते, कोणालाच वाईट वाटलं नाही.

आधी हे मासोळी प्रकरण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी मत्स्यालय चालवते. मी निराधार म्हाताऱ्या बायकांचं घर चालवते. इथे दारांवर नंबर नाहीत. भिंतीच्या कडेने, कमरेइतक्या उंचीवर, एक लाकडी दांडा साऱ्या घरभर फिरतो. प्रत्येक दाराशी तो थांबतो, आणि जिथे थांबतो तिथे एक कोरीव मूठ बसवलेली आहे. कुठे मासोळी, कुठे डाळिंब, कुठे शंख, कुठे कासव. बाई राहायला आली की तिला खोली मिळते आणि खोलीबरोबर मुठीचं नाव. आधीचं नाव फाटकाबाहेर राहतं. माझी खोली जिन्याखाली. तिला मूठ नाही, पण माझ्या कमरेला जुडगा असतो, म्हणून मी किल्ली.

मासोळ्या मात्र दोन झाल्या होत्या. थोरलीने मासोळीच्या खोलीत अर्धं आयुष्य काढलं. मग गुडघे दुखायला लागले म्हणून तिला न्हाणीघराजवळ, दोन दारं अलीकडे, डाळिंबाच्या खोलीत हलवलं. पण "डाळिंब" अशी हाक मारली की तिला ऐकूच यायचं नाही. मासोळीच्या खोलीत नवी बाई आली, ती धाकटी मासोळी. थोरली तिच्याशी कामापुरतं बोलायची.

तर थोरली चष्मा आणायला वर गेली होती, आणि कोनाड्यातली चष्म्याची डबी गायब. चष्मा गेला तर गेला, पण त्या डबीत तळाला तिच्या आईची अंगठी होती.

"मघाशी धाकट्या आजी त्या खोलीतून बाहेर आल्या," दाराशी उभा असलेला सुतार म्हणाला. समारंभासाठी त्याने घरातलं सगळं लाकूडकाम पॉलिश केलं होतं. "मी शिडीवर होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

सगळे धाकटीकडे वळले. ती मागच्या रांगेत बसली होती, नाकावर चष्मा, अंगात राखाडी स्वेटर.

"मी? मी माझ्याच खोलीत गेले होते," ती म्हणाली. "चष्मा आणायला."

आणि तिने सहज स्वेटरच्या खिशातून डबी काढून दाखवली. काळी डबी, तिच्या झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठसठशीत ठिपका. गेल्या वर्षी एका दात्याने सगळ्यांना चष्मे करून दिले होते, एकाच काळ्या फ्रेमचे, एकसारख्या डब्यांत. रोज अदलाबदल व्हायची. म्हणून थोरलीने आपल्या डबीवर हा ठिपका दिला होता, आणि तो साऱ्या घराला माहीत होता.

मी डबी उघडली. तळाला फडक्यात गुंडाळलेली अंगठी होती.

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी माझ्याच खोलीत गेले होते," ती पुन्हा म्हणाली. चोरी एकवेळ लोक पोटात घालतील, पण तोंडावर असं धडधडीत खोटं? दिवाणखान्यात कुजबूज सुरू झाली.

सेक्रेटरीसाहेबांनी घसा साफ केला. "मी शुक्रवारी परत येतो. तोवर बाईंनी खरं काय ते सांगावं. नाहीतर संस्थेचे नियम आहेत. त्यांना घर सोडावं लागेल."

तेव्हा कोपऱ्यातून एक शांत आवाज आला. "अंगठी सापडली, डबीही सापडली. पण डबीत चष्मा नाही. तो कुठाय?"

२

आवाज कासवाचा होता. कासव म्हणजे आमची सगळ्यात नवी बाई. तिची सारी नोकरी पोलिसात गेलेली, म्हणून मी तिला फौजदारबाई म्हणते. जिथे जाईल तिथे शेवटी पोहोचायची, पण निघताना सगळं बघून निघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. "किल्ले, मला घर दाखव."

"अहो, महिना झाला तुम्हाला इथे येऊन!"

"तेव्हा मी राहायला आले होते. आता बघायचंय."

मग मी दाखवलं, आणि दाखवता दाखवता माझं रडगाणंही गायलं. हे घर सांभाळायचं म्हणजे डोक्याला ताप आहे. भिंतींचे कोपरे सगळे गोल, एक कपाट धड बसेल तर शपथ. जिन्याच्या आधी, वर आणि खाली, खरबरीत दगडाची पट्टी. बाकी फरशी कशी गुळगुळीत, आणि मधेच ही पट्टी पायाला टोचते. चौकात दगडी कुंड, त्यात दिवसभर पाणी ठिबकत असतं. मी दोनदा नळवाल्याला बोलावलं, दोन्ही वेळा तो म्हणाला, बाई, हे बिघडलेलं नाही, मुद्दाम असं केलंय. खोल्या तर सगळ्या एका साच्यातल्या. डाव्या हाताला पलंग, उशाशी कोनाडा, समोर खिडकी. एकीत गेलात की सगळ्यांत गेल्यासारखं.

दिवाणखान्यात घरधनिणीची तसबीर आहे. ज्या बाईने आपलं सगळं विकून हे घर बांधलं, तिला आम्ही घरधनीण म्हणतो. एक हात दांड्यावर ठेवून ती उभी आहे. चित्रकाराला डोळे काही जमले नाहीत. ती भलतीकडेच बघते. "फुकट काढून घेतलं असेल," असं म्हणून आम्ही हसतो.

फौजदारबाई हसली नाही. ती तसबिरीसमोर बराच वेळ उभी राहिली.

मग आम्ही थोरलीकडे गेलो. तिने जुना, दोऱ्याने बांधलेला चष्मा लावला होता आणि तोंड फुगलेलं होतं.

"मला त्या बाईची कीव येते," ती म्हणाली. "माझी खोली घेतली. माझं नाव घेतलं. आता आईची अंगठी."

"खोली तुम्हीच सोडलीत ना, गुडघ्यांसाठी?" फौजदारबाई म्हणाली.

"खोली सोडली. नाव सोडतं का कोणी?"

"चोरीच्या दिवशी वेगळं काही घडलं?"

थोरलीने उगाच शाल सारखी केली. "काय घडणार? सुतार, पॉलिशचा वास, धावपळ." आणि तिने विषय बदलला. मला काही वाटलं नाही, पण बाहेर आल्यावर फौजदारबाई म्हणाली, "किल्ले, हिला काहीतरी लपवायचंय. आणि जिची वस्तू चोरीला जाते ती कशाला काय लपवेल?"

३

धाकटी त्या दिवसापासून खोलीबाहेर पडलीच नव्हती. समारंभातून मीच तिला हाताला धरून खोलीवर आणून सोडलं होतं. जेवणही तिथेच पाठवत होते.

आम्ही गेलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती.

"या, किल्ली," ती दाराकडे न बघताच म्हणाली. किल्ल्यांचा आवाज होतोच. "आणि बरोबर कासव आहे. तुम्ही उजवा पाय घासता."

तिने थर्मासमधून आम्हाला चहा ओतून दिला. ओतताना कपाच्या कडेतून आत बोट घालायची तिची सवय मला मुळीच आवडत नाही, आणि मी तसं तिला अनेकदा सांगितलंही आहे. म्हाताऱ्या माणसांच्या सवयी जात नाहीत, म्हणून मी मुकाट्याने प्याले. फौजदारबाई मात्र त्या बोटाकडे बघत राहिली, आपला चहा विसरून.

"तुमच्याकडे चष्मे किती?" तिने विचारलं.

"एकच. हा लावलाय तो."

फौजदारबाई उठली आणि उशाशी असलेल्या कोनाड्यातली काळी डबी उचलली. तिच्यावर ठिपका नव्हता. तिने ती कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

धाकटीने हातातला कप खाली ठेवला.

"किल्ले," फौजदारबाई म्हणाली, "तू जरा बाहेर थांब."

मी बाहेर थांबले. दार लोटलेलं होतं आणि माझे कान काही मी खुंटीला टांगून ठेवत नाही.  आधी धाकटीचं रडणं, मग तुटक तुटक शब्द.

"…परत आले तर माझी डबी इथेच. मग मी आणली ती कुठून? मी माझ्याच खोलीत गेले होते हो. हात लावून गेले होते. मला आता हेही कळेनासं झालंय का? मी वेडी होत चाललेय का?"

"नाही," फौजदारबाईचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "पण हे सगळ्यांना सांगितलंत तर तुम्ही सुटाल."

"नको. चोर म्हटलं तर निदान प्रश्न तरी विचारतात. हे कळलं की कोणी काही विचारतच नाही. सरळ गाडीत घालतात आणि संस्थेच्या त्या गावाबाहेरच्या वॉर्डात नेऊन टाकतात. रांगेने खाटा. ना दार, ना कोनाडा. माझी शपथ आहे तुम्हाला."

फौजदारबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा होता. मी विचारलं, "काय झालं?"

"तिने चोरी केलेली नाही. ती खोटंही बोललेली नाही. ती तिच्याच खोलीत गेली होती."

"आणि सुताराने पाहिलं ते?"

"तोही खोटं बोललेला नाही."

४

सुतार मागच्या अंगणात हत्यारं बांधत होता. आम्हाला बघून तो आधीच वैतागला.

"मी गरीब माणूस आहे, पण अंगठीला हात लावलेला नाही हां. जे पाहिलं ते सांगितलं."

"तुमच्यावर कोणाचा संशय नाही," फौजदारबाई तिथल्या उलट्या बादलीवर बसत म्हणाली. "मला तुमचं काम समजून घ्यायचंय. दांड्याला पॉलिश कसं केलंत?"

तो खुलला. कामाबद्दल विचारलं की सगळेच खुलतात. "दांडा जागेवरच घासला. मुठी मात्र काढल्या. एकेका खुंटीवर बसवलेल्या आहेत, फिरवल्या की निघतात. दोन दिवस उन्हात मांडून घासल्या, वाळवल्या, आणि समारंभाच्या सकाळी परत लावल्या."

"त्या दोन दिवसांत धाकट्या आजी दिसल्या का कुठे?"

"नाही. सर्दी झालीय म्हणून खोलीतच होत्या."

मला आठवलं. मीच काढा नेऊन दिला होता, आणि सर्दीचं नामोनिशाण नव्हतं. मुठी नाहीत तोवर बाई बाहेर पडली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

"मुठी परत लावताना जिथली तिथे लावलीत?"

"म्हणजे काय! खुणा करून ठेवल्या होत्या मी." तो थांबला. मान खाजवली. "जिथली तिथेच. म्हणजे… आजींनी सांगितलं तशा."

"कोणत्या आजींनी?"

सुताराने इकडे तिकडे पाहिलं. "त्यांनी शपथ घातलीय, बाई."

"या घरात शपथांना तोटा नाही," फौजदारबाई म्हणाली आणि उठली. "राहू द्या. मला उत्तर मिळालं. शुक्रवारी हत्यारं घेऊन या."

५

शुक्रवारी सेक्रेटरीसाहेब आले. गळ्यात मफलर, चेहऱ्यावर कर्तव्य. दिवाणखान्यात सगळ्या जमल्या. धाकटीला मी हाताला धरून आणलं. 

"बाईंनी काही कबूल केलं का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"त्याआधी माझं एक काम कराल?" फौजदारबाई म्हणाली. "धाकट्या मासोळीच्या खोलीतल्या कोनाड्यात चष्म्याची डबी आहे. तेवढी आणून द्या. पण डोळ्यांना मफलर बांधून."

"हा काय पोरखेळ आहे?"

"एका बाईला तुम्ही घराबाहेर काढायला निघालात. एवढा खेळ खेळायला हरकत नसावी. डाव्या हाताने दांडा धरा. मासोळीची मूठ लागली की ती खोली."

सेक्रेटरी माणूस वाईट नाही, फक्त त्यांना नियम पाठ आहेत. त्यांनी मफलर बांधला. आम्ही सगळ्या बघत राहिलो. जिन्याशी ते पडणार असं वाटून मी पुढे झाले, तर खरबरीत पट्टीवर पाय पडताच ते आपणहून थांबले, चाचपले आणि चढू लागले. वर व्हरांड्यात ते दिसेनासे झाले. थोड्या वेळाने दांड्यावर हात घासत खाली आले. हातात काळी डबी होती.

"ही घ्या," त्यांनी विजयी मुद्रेने मफलर सोडला.

झाकणावर लाल ठिपका होता.

"अगं बाई! ही तर माझी!" थोरली किंचाळली.

"म्हणजे साहेब, तुम्हीही चोर निघालात," फौजदारबाई म्हणाली. "कुठल्या खोलीत गेला होतात?"

"मासोळीच्याच! मूठ नीट चाचपून बघितली मी. खवले, शेपूट, सगळं!"

"तुम्ही खरं बोलताय. पण ती खोली थोरलीची. तिथे डाळिंब असायला हवं." ती थोरलीकडे वळली. "मी सांगू की तुम्ही?"

थोरलीचा चेहरा लालबुंद झाला. तिने मान खाली घातली. "मी सुताराला सांगितलं," ती पुटपुटली. "इतकी वर्षं मी मासोळी आहे. माझं नाव दुसरीच्या दारावर बघून रोज पोटात तुटायचं. मुठी निघाल्याच होत्या, म्हटलं, माझी मला लाव. कोणाच्या लक्षातही आलं नाही. या वयात असला पोरकटपणा कोणाला सांगायचा?"

खरंच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी दिवसातून दहा वेळा तिथून जाते. ज्याला दार दिसतं तो मुठीकडे कशाला बघेल?

"म्हणजे बाई चुकून दुसऱ्या खोलीत गेल्या," सेक्रेटरी सावकाश म्हणाले. "मग प्रश्नच मिटला."

"मिटला नाही," शंखाच्या खोलीतली आजी मधेच म्हणाली. "आत गेल्यावर तरी दिसलं नाही का, खोली दुसरीची आहे ते? पांघरूण दुसरं, डबीवर ठिपका!"

"आणि माझा चष्मा कुठाय?" थोरलीने डोकं वर काढलं.

 फौजदारबाई धाकटीशेजारी जाऊन बसली. "इथून पुढचं माझ्या हातात नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणालात तर मी गप्प बसते."

बाहेर चौकातल्या कुंडात पाणी ठिबकत होतं. धाकटीने नाकावरचा चष्मा काढला, दोन्ही हातांत धरला आणि समोर, थोरलीच्या आवाजाच्या दिशेने पुढे केला.

"हा तुमचा असेल," ती म्हणाली. "मला फरक कळत नाही. मला दिसत नाही. येऊन वर्ष झालं नाही तोच दिसायचं बंद झालं. चष्मा लावते तो तुम्हाला दिसावा म्हणून."

थोरलीने चष्मा घेतला आणि लावला. तो तिचाच होता. एकीला ती मूठ म्हणजे नाव होतं, दुसरीला तो पत्ता होता.

सेक्रेटरींनी खिशातला रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं. "मला फार वाईट वाटतं. पण नियमाप्रमाणे ज्यांना स्वतःचं स्वतः वावरता येत नाही त्यांना वॉर्डात…"

"साहेब," फौजदारबाई म्हणाली, "आत्ता तुम्ही डोळे बांधून जिना चढलात, उतरलात. कुठे ठेच लागली?"

"नाही."

"कोपरा लागला?"

"कोपरे गोल आहेत."

"परत येताना दिवाणखाना कुठे आहे ते कसं कळलं?"

त्यांनी कुंडाकडे पाहिलं. "पाण्याचा आवाज येत होता."

"कोनाडा शोधावा लागला का? नाही, कारण तो सगळ्या खोल्यांत उशाशीच असतो. किल्ली सकाळ-संध्याकाळ या घराच्या नावाने बोटं मोडते. पण या घरात एकही गोष्ट उगाच नाही. आता ती तसबीर बघा."

सगळ्यांनी बघितली. दांड्यावर हात, आणि भलतीकडे लागलेली नजर.

"चित्रकार चुकला नव्हता," फौजदारबाई म्हणाली. "घरधनिणीची दृष्टी जात होती, आणि तिने हे घर त्याच डोळ्यांसाठी बांधलं. शंभर वर्षांत या घरात नीट वावरणारी ही एकच बाई आली, आणि तुम्ही तिलाच म्हणता, तुला वावरता येत नाही."

 मी नळवाल्याला दोनदा बोलावलं होतं!

 सेक्रेटरींनी मफलरची घडी घातली. "नियम समितीने केलेला आहे. मी तो बदलायला मांडेन. वेळ लागेल."

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर," ते दाराकडे जात म्हणाले, "मलाही यातलं काही दिसलेलं नाही."

६

सुतार हत्यारं घेऊन आला. त्याने दोन्ही मुठी काढल्या आणि मासोळी जिथली तिथे, धाकटीच्या दाराशी बसवली. थोरली बाजूला उभी राहून बघत होती. रडत नव्हती, पण शालीचं टोक दातात धरलं होतं. मग त्याने डाळिंब तिच्या दाराशी फिरवून घट्ट केलं आणि तो गेला.

"राग आहे ना माझा?" थोरलीने विचारलं.

"राग कसला?" धाकटी म्हणाली. "मला वाटलं माझं डोकं फिरलं. तुमच्यामुळे कळलं की फिरलेलं नाही."

थोरलीने चष्मा काढला आणि पुसत बसली. "माझाही नंबर वाढतच चाललाय. डॉक्टर दर खेपेला तोंड वाकडं करतात. मी कोणाला बोलले नाही." मग घाईघाईने म्हणाली, "मला शिकवशील?"

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने आपला हात त्यात दिला. धाकटीने तो दांड्यावरून सरकवत नेला आणि मुठीवर ठेवला.

"डोळे मिटा. आधी वर एक छोटा मुकुट लागेल. लागला? आता खाली या, फळ फुगत जातं. आणि या अंगाला एक भेग आहे. बोट आत घाला, हळूच."

थोरलीचं बोट भेगेत गेलं आणि तिथेच थांबलं.

"अगं, दाणे आहेत आत!" ती म्हणाली. "एकेक दाणा कोरलाय. इतके दिवस हे माझ्या दाराशी होतं होय?"

ती डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मी चहाला बोलवायला आले होते, पण हाक मारायचा धीर झाला नाही. तिलाच माझ्या किल्ल्या ऐकू आल्या.

"किल्ले," ती डोळे न उघडताच म्हणाली, "मला डाळिंब म्हटलंस तरी चालेल."

"बरं, थोरल्या मासोळी," मी म्हटलं. सवय जायला वेळ लागतो. पण चहा ओतताना मी पहिल्यांदाच कपाच्या कडेला बोट लावून बघितलं.